गाणगापूरची खोली आणि माझे ४०,९०२ रुपये

एकतीस वर्षे एका कारखान्याच्या लेखा विभागात दुसऱ्यांच्या बिलांतल्या चुका काढण्यात घालवलेल्या माणसाने, आपण स्वतः फोनवर कसे फसलो, हे लिहावे, याची मला लाज वाटते. तरीही लिहितो आहे, कारण दत्तजयंतीच्या आसपास ठाण्याहून गाणगापूरला जाणारी कुटुंबे कमी नाहीत आणि त्यांपैकी अनेकांसोबत माझ्या आईसारखे कोणीतरी असते.

आई ८१ वर्षांची, गुडघे गेलेले. गाणगापूर कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यात. सोलापूरवरून पुढे गेल्यावर गाणगापूर रोड हे स्थानक लागते, पण मंदिर तिथून वीसेक किलोमीटर दूर आणि भीमा-अमरजेचा संगम गावापासून आणखी काही किलोमीटरवर. रात्री-अपरात्री त्या स्थानकावर आईला घेऊन उभे राहायची वेळ येऊ नये, एवढ्याच भीतीपोटी मी खोली आणि गाडी दोन्ही आधीच ठरवायला निघालो. मोबाइलवर ‘भक्तनिवास’ असे शोधले, सर्वांत वर आलेला क्रमांक लावला आणि तिथेच अडकलो. असा क्रमांक संस्थानाच्या जुन्या पावतीवरून किंवा नुकत्याच जाऊन आलेल्या माणसाकडून घ्या, शोधयंत्रातून नको.

पलीकडच्या माणसाचे मराठी कानडी वळणाचे होते. निर्गुण पादुकांचे दर्शन केव्हा घ्यावे, दुपारच्या माधुकरीला किती वाजता बाहेर पडावे, हे त्याने न विचारता सांगितले. मग म्हणाला, “आजींना जिना चढता येतो का? नाहीतर तळमजल्याची खोली देतो.” या एका वाक्याने माझा संशय संपला. मी मूर्ख नव्हतो, असे मला अजूनही वाटते. त्याने नेमकी माझी काळजीच ओळखली होती. खोलीचे आगाऊ १,००० आणि स्थानकावर येणाऱ्या गाडीचे २,४५० रुपये मी यूपीआयने पाठवले.

इथपर्यंतचे मी स्वतःला माफ करू शकतो, यापुढचे नाही. पैसे पाठवण्याआधी पडद्यावर ज्याच्या खात्यात ते जाणार त्याचे नाव दिसते. तिथे ना संस्थान होते, ना न्यास, ना लॉज. कुणा एका व्यक्तीचे नाव होते. मी ते वाचले, क्षणभर थांबलोही, आणि ‘व्यवस्थापकाचे असेल’ अशी समजूत घालून त्याच्यासाठी सबब मीच शोधली. पुढे तो म्हणाला की पावती क्रमांक १८,७२६ आहे, तो रकमेच्या रकान्यात टाका, पैसे जाणार नाहीत, फक्त नोंद पक्की होईल. मी आकडा टाकला, पिनही टाकला. रकमेच्या रकान्यात रक्कमच असते, हे कारकुनी केलेल्या माणसाला कोणी शिकवायला हवे होते का? पैसे गेल्यावर ‘परतावा अडकला आहे, तेवढीच रक्कम पुन्हा पाठवा, दोन्ही एकदम येतील’ असे तो म्हणाला, आणि घाबरून मी आणखी १८,७२६ पाठवले. एकूण ४०,९०२. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही. कोणी मागितला की फोन ठेवावा, सभ्यता दाखवत बसू नये.

सायबर फसवणुकीचा १९३० हा क्रमांक लागायला मला चाळीस मिनिटे लागली. तक्रार क्रमांक मिळाला, तो घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात गेलो. ‘पोर्टलवर केली आहे ना, मग झाले’ हे पहिले उत्तर. ‘खाते परराज्यातले दिसते, गुन्हा तिकडचा’ हे दुसरे. गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ सांगते आणि ती संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, हे मी म्हटल्यावर ‘काका, तुम्ही वकील आहात का?’ असे विचारण्यात आले. तीन फेऱ्या झाल्या. प्रत्येक वेळी नवा अंमलदार आणि पुन्हा पहिल्यापासून सगळी कहाणी, बाकावरच्या अनोळखी लोकांसमोर. बँकेत रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे परिपत्रक छापून नेले, तर ते संरक्षण ग्राहकाने न केलेल्या व्यवहारांना आहे, तुम्ही पिन स्वतः टाकलात, असे शांतपणे ऐकवण्यात आले. म्हणजे फसवला गेलो यापेक्षा, नीट फसवला गेलो नाही, हाच माझा गुन्हा! एका खात्यात ३,११२ रुपये रोखून ठेवल्याचे नंतर कळले. ते सोडवायला न्यायालयाचा आदेश आणा, असे मला तेव्हा सांगण्यात आले. तक्रार पहिल्या तासातच करा, उशिरा केलेल्या तक्रारीला रोखण्यासारखे काही उरत नाही.

आम्ही गाणगापूरला गेलोच. गाडी दिवसा पोहोचणारी निवडली. स्थानकाबाहेर गावाकडे जाणारी बस उभी होती आणि मंदिराजवळ विचारल्यावर तळमजल्याची खोलीही मिळाली. आईला ४०,९०२ चा आकडा आजही सांगितलेला नाही.

परत आल्यावर पत्नीच्या फोनवरून तोच क्रमांक लावला. दुसऱ्याच रिंगला उचलला, आवाज तोच. खोली हवी आहे एवढेच ती म्हणाली, तर त्याने विचारले, “ताई, सोबत कोणी वयस्कर आहे का?”