टेबलावरचा टायमर: चावीचा घ्यावा की डिजिटल?

आधी निकाल सांगून टाकू. अभ्यास, लेखन, हिशेब किंवा संगणकावरचं काम नेमानं व्हावं म्हणून टायमर घ्यायचा असेल, तर चावीचा गोल टायमर घ्या. त्याच खोलीत कुणी झोपत असेल तर डिजिटल घ्या. पालथा केला की सुरू होणारा चौकोनी ठोकळा लहान मुलांसाठी ठीक. मोबाइल या स्पर्धेतच नाही, कारण मोबाइलचा गजर बंद करायला मोबाइल हातात घ्यावा लागतो. एकदा हातात आला की तो खाली कधी ठेवला जाईल, सांगता येत नाही.

२५ मिनिटांच्या बैठकीची पद्धत इटलीच्या फ्रान्चेस्को सिरिलो यांची. १९८०च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना, त्यांनी स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर अभ्यासाच्या टेबलावर आणला. इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात, तेच नाव पद्धतीला चिकटलं. २५ मिनिटं एकच काम, मग ५ मिनिटं सुट्टी, आणि अशा चार बैठका झाल्या की १५ ते ३० मिनिटांची मोठी सुट्टी. सांगायला एवढंच आहे. बाकी सगळं तुम्ही कुठलं यंत्र घेता आणि कसं वापरता, त्यावर.

चावीच्या टायमरमध्ये एक स्प्रिंग, काही दातेरी चाकं आणि एक छोटी घंटा असते. ६० मिनिटांची तबकडी फिरवली की स्प्रिंग आवळते, सोडली की टिकटिक सुरू. पहिली गफलत इथेच होते. सुट्टीसाठी लोक तबकडी थेट ५ वर नेतात आणि घंटा वाजतच नाही, किंवा एकदा 'टिण्' करून गप्प बसते. मग यंत्र खराब म्हणून दुकानात परत. खरं तर घंटेच्या हातोडीलाही त्याच स्प्रिंगचा जोर लागतो, आणि एवढ्याशा वळणात तो भरत नाही. ५ मिनिटं लावायची तर तबकडी आधी २० पर्यंत न्यायची आणि मग हळूच ५ वर आणून सोडायची. हे बहुतेक खोक्यांवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं. पण खोकं पहिल्याच दिवशी सुक्या कचऱ्यात जातं, आणि आमचं इंदूर स्वच्छतेत कडक असल्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याची गाडी ते घेऊनही जाते.

दुसरी मर्यादा वेळेच्या नेमकेपणाची. स्वस्त यंत्रात तासामागे एक-दोन मिनिटांचा फरक पडतो, शिवाय तबकडी बोटानं लावायची असल्यामुळे २५ च्या जागी २४ किंवा २६ होतात. रोजच्या अभ्यासात यानं काही बिघडत नाही. पण एमपीपीएससीच्या (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेच्या) तयारीत वेळ लावून सराव पेपर सोडवायचा असेल तर चावीचा टायमर बाजूला ठेवा, तिथे आकडे दाखवणारं घड्याळच हवं.

तिसरी गोष्ट म्हणजे याला मध्येच थांबवायची सोय नसते. दारावर कुणी आलं, आईनं हाक मारली, तरी टिकटिक चालूच. सिरिलो यांचा नियम असा की बैठक मध्येच मोडली तर ती धरायची नाही, नव्यानं सुरू करायची. वसतिगृहातल्या एकट्या विद्यार्थ्याला हा नियम ठीक आहे. इंदूरच्या रामबागेतल्या पाच माणसांच्या घरात तो पाळायला गेलं तर दिवसभरात एकही बैठक पुरी व्हायची नाही. तिथे व्यवहारी मार्ग असा: दोन-तीन मिनिटांचा अडथळा असेल तर टायमर चालू द्या आणि परत येऊन उरलेल्या वेळात काम पुढे न्या. अडथळा त्याहून मोठा असेल तर बैठक सोडून द्या.

टिकटिक हा आवडीनिवडीचा भाग. काहींना तिची सोबत वाटते, काहींचं डोकं उठतं. प्लायवूडच्या पोकळ टेबलावर ती जास्त घुमते. यंत्राखाली चार पदरी रुमाल ठेवला की बरीच मऊ होते. गाण्याच्या किंवा तबल्याच्या रियाजाला मात्र हे यंत्र मुळीच घेऊ नका, टिकटिक लयीत घुसते.

दुकानात घेताना चार गोष्टी तपासा, त्याला पाच मिनिटं पुरतात. तबकडी पूर्ण ६० पर्यंत फिरवा. मध्ये कुठे अडकते किंवा कचकन घसरते का ते बोटांना कळतं. मग कानाला लावून टिकटिक ऐका. ती एकसारखी हवी, आणि यंत्र आडवं, उभं, कलतं ठेवलं तरी थांबायला नको. स्वस्त मालात उभं केलं की थांबणारे नग निघतात. त्यानंतर २० वर नेऊन ३ वर आणा आणि घंटा किती वेळ वाजते ते पाहा. दोन-तीन सेकंद नीट खणखणली की पुरे, पण ती एकदाच वाजते हे ध्यानात असू द्या. तुम्ही बाल्कनीत असाल तर चुकणार. शेवटी मागचं लोहचुंबक. इथे बरेच जण फसतात. दुकानदार लोखंडी रॅकला चिकटवून दाखवतो, घरी फ्रिजला काचेचं दार निघतं, किंवा स्वयंपाकघरातलं स्टील असं असतं की ज्याला चुंबक धरतच नाही. पाय किंवा सपाट तळ असलेला नग घेतला की हा प्रश्नच उरत नाही. चुंबक गोंदानं बसवलेलं असतं. गॅसच्या शेगडीजवळ ठेवलं तर उन्हाळ्यात ते सुटून पडतं.

डिजिटलची गोष्ट वेगळी. त्यात आकडे नेमके, आवाज कमी, थांबवायची सोय, आणि किंमतही बहुधा कमीच. पण विकत घेण्याआधी एक प्रयोग करा. २५:०० लावा, सुरू करा, थांबवून शून्यावर आणा आणि पुन्हा सुरू करून पाहा. चांगला नग आधीचे २५ लक्षात ठेवतो. वाईट नगात दर वेळी मिनिटाचं बटण २५ वेळा दाबावं लागतं किंवा धरून ठेवलं तर आकडा पुढे निघून जातो. दिवसाला आठ बैठका धरल्या तर कंटाळून चौथ्या दिवशी टायमर ड्रॉवरमध्ये जातो. या एका उणिवेमुळे मी अनेक डिजिटल टायमर नापास करतो, बाकी ते कितीही देखणे असोत.

सेल कोणता आहे तेही पाहा. 'एएए' सेल गल्लीतल्या किराण्यात मिळतो आणि बराच टिकतो. बटण-सेल असेल तर तो संपल्यावर घड्याळवाल्याकडे फेरी ठरलेली. आवाज कमी-जास्त करायची खिटी असलेले नग थोडे महाग पडतात, पण भंवरकुआ या कोचिंग क्लासच्या भागात एका खोलीत तिघं राहणाऱ्या मुलांनी तेच घ्यावेत. यंत्र महिनाभर वापरात नसेल तर सेल काढून ठेवा, नाहीतर तो पाझरून आतल्या पट्ट्या हिरव्या पडतात.

ठोकळ्याच्या टायमरबद्दल थोडक्यात. बाजूंवर छापलेल्या मिनिटांपैकी हवी ती बाजू वर केली की वेळ सुरू. मुलांना मजा येते. पण बऱ्याच ठोकळ्यांवर ५, १५, ३० आणि ६० असतात, २५ नसतातच. घेण्याआधी आकडे वाचा. दप्तरात टाकला तर आपोआप सुरू होऊन वर्गात वाजतो, म्हणून बंद करायचं वेगळं बटण असलेलाच घ्या.

आता वापर. टायमर लावण्याआधी कागदाच्या चिठोऱ्यावर एक ओळ लिहायची: या बैठकीत नेमकं काय होणार. 'इतिहास वाचणे' असं नाही, तर 'होळकरांच्या प्रशासनावर एक पान टिपण'. ओळ लिहिलीच नाही तर पहिली सात-आठ मिनिटं काय करावं हे ठरवण्यातच जातात. मोबाइल दुसऱ्या खोलीत, शक्यतो फळीवर, उठल्याशिवाय हात पोचणार नाही असा. मग तबकडी फिरवायची. चावीच्या टायमरचा खरा फायदा या फिरवण्यात आहे. कामाला मूड यायची वाट पाहत बसलेलं मन हातानं केलेल्या त्या छोट्या कृतीनं कामाला लागतं. टिकटिक सुरू झाल्यावर माघार घ्यायला थोडी लाज वाटते, एवढंच त्याचं मानसशास्त्र.

२५ हा आकडा दगडावरची रेघ नव्हे. गणिताची लांब उदाहरणं किंवा कोड लिहिणं यांना ५० मिनिटं काम आणि १० मिनिटं सुट्टी जास्त मानवते, कारण २५ मिनिटांत डोकं नुकतं आत शिरलेलं असतं. तिसरी-चौथीतल्या मुलाला १० ते १५ पुरे. कपाट आवरण्यासारख्या नकोशा कामाला १५ लावा. दिवसाला बारा बैठकांचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवणारे तीन दिवसांत गळतात. नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्याला रोज चार मनापासून झाल्या तरी भरपूर, आणि पूर्ण वेळ अभ्यास करणाऱ्यानं आठाच्या आसपास थांबावं.

पण पद्धत फसते ती बहुतेक सुट्टीत. घंटा वाजली तरी 'एवढं संपवून उठतो' म्हणून बसून राहणं ही एक चूक, आणि सुट्टीत मोबाइल उघडणं ही त्याहून मोठी. पाच मिनिटांची रील बघता बघता वीस होतात, आणि डोळ्यांना विश्रांती मिळतच नाही. सुट्टीलाही टायमर लावा, २० वर नेऊन ५ वर आणून. उठून उभे राहा, एक पेला पाणी प्या, गॅलरीतून लांबच्या झाडाकडे किंवा पाण्याच्या टाकीकडे बघा. पडद्यावर काम करणाऱ्यांना डोळ्यांचे डॉक्टर २०-२०-२० सांगतात: दर २० मिनिटांनी २० फूट लांबच्या वस्तूकडे २० सेकंद पाहायचं. ते इथे बरंचसं आपसूक होतं.

उरलेल्या वेळात जिने चढा-उतरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराची हालचाल करावी, आणि ती सलग दहा मिनिटं असली पाहिजे ही आधीची अटही आता नाही. म्हणजे पाच मिनिटांच्या सहा सुट्ट्या झपाझप चालण्यात घालवल्या तर दिवसाला ३०, पाच दिवसांत १५०. अट एकच, चाल अशी हवी की बोलता येईल पण गाता येणार नाही. फ्रिजपर्यंत जाऊन डब्यातली शेव खाऊन येणं यात धरत नाहीत. मे महिन्यात दुपारी गच्चीवर जाऊ नका. घरातल्या घरात फेऱ्या मारा.

शेवटची घंटा झोपेची. रात्री साडेदहाला टायमर वाजला की दिवा बंद, असं ठरवणारे इंदुरात बरेच आहेत. पण सराफ्यातली रात्रीची खाऊगल्ली रंगात येते तेव्हाच नेमके साडेदहा वाजलेले असतात. गराडू (तळलेला कंद) आणि भुट्ट्याच्या (मक्याच्या) किसापुढे कुठलाही टायमर चालत नाही, भिया. आठवड्यातली एक रात्र त्यासाठी सोडा आणि दुसऱ्या दिवशीची पहिली बैठक पोह्यांनंतर ठेवा. संध्याकाळच्या चहाकडे मात्र लक्ष असू द्या. त्यातलं कॅफिन निम्मं व्हायलाच पाच-सहा तास लागू शकतात.

हा टायमर मुळात स्वयंपाकघरातला असल्यामुळे तिथून तो सुटत नाही. इडल्यांना १० ते १२ मिनिटं लावले आणि अभ्यासाचा टायमर ओट्यावरच राहिला, असं रोज होतं. तेलाची वाफ आणि पीठ आत गेलं की टिकटिक मंदावते. तेव्हा दोन घ्या, वेगळ्या रंगांचे.

चावीचा साधारण २०० ते ४०० रुपयांत, डिजिटल त्याच्या आसपास किंवा थोडा कमी, ठोकळा त्याहून महाग. भाव दुकानागणिक बदलतो. इंदुरात राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारात स्वयंपाकाच्या सामानात चावीचा शोधा, डिजिटलसाठी जेल रोडकडे वळा. ऑनलाइन घेतला तर टिकटिक ऐकून घेता येत नाही, म्हणून परतीची मुदत संपायच्या आत वर सांगितलेल्या चारही तपासण्या करून घ्या. चावीचा बिघडला तर दुरुस्तीला नेऊ नका. स्वस्त नगांचं प्लॅस्टिकचं आवरण नुसतं दाबून बसवलेलं असतं, उघडलं की फुटतं, आणि दुरुस्तीची मजुरी नव्या टायमरच्या किमतीला टेकते.