अमेरिकेत एम.एस. आणि रेल्वेची आवड: अरेमा, टीआरबी की शुक्रवारचं सेमिनार?

सिव्हिलमध्ये एम.एस.ला येणाऱ्या आपल्या मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो, रेल्वेत जायचंय पण रेल्वेची माणसं भेटणार कुठे? इथे आपल्यासारखी एकच सरकारी रेल्वे नाही, मालगाड्यांच्या सहा मोठ्या खाजगी कंपन्या, ऑफिसं ओमाहा, फोर्ट वर्थ, अटलांटा, जॅक्सनव्हिल अशी चार दिशांना. त्यात बऱ्याच युनिव्हर्सिटीत ट्रान्सपोर्टेशन म्हणजे हायवे आणि ट्रॅफिक, आपण तिकडे गेज (दोन रुळांमधलं अंतर), कँट (वळणावर बाहेरचा रूळ उंच ठेवणं), पॉइंट्स अँड क्रॉसिंग (गाडी रूळ बदलते ती जागा) घोकून आलेलो असतो तेवढंही इथे शिकवत नाहीत.

नोकरी हवी असेल तर माझं मत सरळ आहे, अरेमा (AREMA), म्हणजे रेल्वे इंजिनिअरिंग आणि ट्रॅकच्या देखभालीतल्या लोकांची अमेरिकन संघटना. ट्रॅक, पूल, सिग्नल अशा वेगवेगळ्या जुन्या संघटना एकत्र येऊन १९९७ मध्ये ही झाली. कॉलेजातला तिचा स्टुडंट चॅप्टर, म्हणजे विद्यार्थ्यांची शाखा, तिथे कुणाचं तरी भाषण, पिझ्झा, अधूनमधून यार्डाची नाहीतर पुलाची व्हिजिट, ठीक आहे, पण मुलं तिथेच थांबतात आणि तिथेच चुकतं. खरा माल कमिट्यांमध्ये. उत्तर अमेरिकेत ट्रॅक आणि पूल ज्या मॅन्युअलवर चालतात त्याचे चॅप्टर याच कमिट्या लिहितात, आणि टेबलाभोवती रेल्वे कंपनीचा ब्रिज इंजिनिअर, कन्सल्टंट आणि प्रोफेसर असे तिघंही असतात. पुलांचं डिझाइन अजूनही कूपर ई-८० लोडिंगवर होतं, म्हणजे मुळात १८९४ सालच्या वाफेच्या इंजिनांचा हिशोब, फक्त एक्सलचा भार वाढवत ८०,००० पौंडांवर आणलेला. हे अजून का ठेवलंय ते पुस्तकात धड समजत नाही, जुने पूल सांभाळणाऱ्या माणसाने पाच मिनिटं सांगितलं की डोक्यात बसतं. पाहुणे म्हणून बसता येईल का हे कमिटीच्या चेअरला मेल करून विचारा, आणि मीटिंगचे मिनिट्स (इतिवृत्त) लिहायला कुणी तयार नसेल तर हात वर करा, हे काम सगळे टाळतात म्हणूनच ते करणारा लक्षात राहतो.

टीआरबीचं, म्हणजे ट्रान्सपोर्टेशन रिसर्च बोर्डाचं, गणित वेगळं. दर जानेवारीत वॉशिंग्टनला मोठं अधिवेशन, कडाक्याची थंडी, महागडी हॉटेलं, हजारो माणसं, आणि त्यात रेल्वे म्हणजे एक कोपरा. इथे प्रोफेसर, सरकारी खात्यातले लोक आणि कन्सल्टंट जास्त, रुळावर काम करणारे कमी. पेपर साधारण ऑगस्टच्या सुरुवातीला द्यावा लागतो, म्हणजे पहिल्या सेमिस्टरला आलेल्याला त्या वर्षी काही जमत नाही. पण पीएचडी डोक्यात असेल तर हे चुकवू नका, कमिटीच्या मीटिंगला मागच्या खुर्चीत कुणीही जाऊन बसू शकतं आणि पुढच्या काही वर्षांत कुठल्या विषयाला पैसे मिळणार याचा वास तिथे आधी येतो. गाइड खर्च देत असेल तरच जा, स्वतःच्या खिशातून नको.

तिसरा पर्याय इलिनॉय युनिव्हर्सिटीचं रेल्वेवरचं ‘हे’ (Hay) सेमिनार, प्रोफेसर विल्यम हे (William Hay) यांच्या नावाने, शुक्रवारी दुपारी, आणि ऑनलाइनही बघता येतं. तिथे रेल्वे आणि प्राध्यापकांचं नातं जुनं आहे, रुळाखाली ताण किती येतो हे मोजायला १९१४ मध्ये जी कमिटी बसली तिचे प्रमुख तिथलेच टॅलबॉट. वक्ते चांगले असतात, रेल्वे कंपनीतले लोकही येतात, पण लॅपटॉपवर बघून ओळख होत नाही. कॅम्पसवर असाल तर भाषण संपल्यावर थांबून दोन प्रश्न विचारा, नसाल तर याला फुकटचा क्लास समजा.

आणि व्हिसाचं. मालगाडी कंपन्यांकडे स्पॉन्सरशिपचं काय ते पहिल्या भेटीतच विचारून घ्या, लाजू नका. अरेमाच्या कमिटीत कन्सल्टंट भरपूर असतात, रेल्वे कंपनीकडून नकार आला तर त्यांच्याशी बोलायला सुरुवात करा.