सांगलीत कुंडीतली अझेलिया : एका हिवाळ्यापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

मागील डिसेंबरमध्ये एका स्थानिक रोपवाटिकेतून कळ्यांनी भरलेले अझेलियाचे रोप साडेतीनशे रुपयांना घेतले होते. उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही पाहून झाल्यावर आता मत देतो : पावसाचे पाणी साठवण्याची सोय असेल, तर हे रोप जरूर घ्यावे, केवळ बोअरच्या पाण्यावर बाग सांभाळणाऱ्यांनी मात्र फुलांच्या मोहात पडू नये.

कुंडीत विकली जाणारी अझेलिया प्रामुख्याने ऱ्होडोडेंड्रॉन सिम्साय या जातीपासून तयार केलेली असते. हिमालयातील बुरांश हे फुलझाड तिचाच भाऊबंद. ही जात मूळची चीन, तैवान, म्यानमार या प्रदेशांतील डोंगरी जंगलांची. तिला पालापाचोळा कुजून झालेली, भुसभुशीत, आम्लधर्मी माती लागते, जिचा सामू (पीएच) साडेचार ते सहाच्या दरम्यान असावा. आपली कृष्णाकाठची काळी माती जड, चुनखडीची आणि अल्कधर्मी असल्याने तिच्यात लोह असूनही ते या झाडाच्या मुळांना घेता येत नाही. त्यामुळे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पालापाचोळ्याचे खत यांचे मिश्रण करून रोप मातीच्या कुंडीत लावले.

साठवलेले पावसाचे पाणी फेब्रुवारीत संपले आणि बोअरचे पाणी सुरू करावे लागले, तेव्हा खरी परीक्षा झाली. कुंडीच्या काठावर पांढरी खर धरली. तिच्यावर लिंबाचा रस टाकताच ती फसफसली, म्हणजे ती चुन्याचीच होती. पाठोपाठ शेंड्याची पाने पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. तासगावकडच्या द्राक्षबागायतदाराला लोहाच्या कमतरतेचे हे लक्षण सांगावे लागत नाही. कृषी सेवा केंद्रातून चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपात बांधून ठेवलेले लोह) आणताना मात्र ते ईडीडीएचए प्रकारचे आहे ना, हे पाकिटावर वाचून घ्यावे, कारण स्वस्तातले ईडीटीए चुनखडीच्या पाण्यात फारसे टिकत नाही. मुळाशी ते दिल्यावर नवी पालवी हिरवी आली. जुनी पाने मात्र पिवळीच राहून गळाली.

सोबतच्या चिठ्ठीत ‘भरपूर ऊन’ असे छापले होते. ही सूचना सांगलीच्या एप्रिलसाठी निव्वळ घातक आहे. पूर्वेकडचा व्हरांडा आणि दुपारी शेडनेट, एवढेच ऊन पुरे. मुळे केसासारखी बारीक आणि वरच्या थरातच पसरलेली असल्याने कुंडी एकदाही पूर्ण सुकून चालत नाही. सुकलेले कोकोपीट वरून ओतलेले पाणी शोषत नाही, ते कडेने निघून जाते; अशा वेळी कुंडी बादलीत बुडवून ठेवावी.

फुले दुहेरी पाकळ्यांची, गडद गुलाबी, परंतु वासाच्या नावाने शून्य. छाटणी बहर संपताच करावी, कारण पुढच्या कळ्या उन्हाळ्यात वाढलेल्या फुटीच्या टोकांवर धरतात आणि उशिरा छाटल्यास त्याच कापल्या जातात. सध्या शेंड्यांवर तपकिरी खवल्यांच्या कळ्या दिसत आहेत. त्या उमलण्यासाठी काही आठवडे सलग गारवा लागतो आणि आपल्याकडील थंडी जेमतेम असल्याने पहिल्या वर्षासारखा एकदम बहर येईल, अशी अपेक्षा मी धरलेली नाही.

पाने व फुले विषारी असतात. दारात शेळ्या किंवा रांगते मूल असेल, तर कुंडी उंचावरच ठेवावी आणि छाटलेल्या फांद्या चाऱ्यात जाऊ देऊ नयेत.