चिऱ्याच्या जुन्या घरातली वीज-पाण्याची कामं: एक पावसाळा आणि एक मे महिना काढल्यावर

आमचं घर गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं. चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) जाड भिंती, वर मंगळुरी कौलं, मधे राजांगण म्हणजे घराच्या पोटातलं उघडं अंगण, मागे विहीर. गेल्या वर्षी मिरगाच्या आधी वीज आणि पाणी वाचवण्यासाठी यात बरीच कामं करून घेतली. आता पावसाळा, चतुर्थीची पाहुण्यांची गर्दी आणि मे महिना असं सगळं पाहून झालंय, म्हणून लिहितो.

पैसे सगळ्यांत लवकर वसूल झाले ते पंख्यांचे. दमट हवेमुळे आमच्याकडे पंखे जवळजवळ बाराही महिने फिरतात. जुना पंखा 75 वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या मोटरचा नवा पंखा, 30 च्या आसपास. पाच पंखे रोज बारा तास चालले तर महिन्याला 80 युनिट वाचतात. नळांना एरेटर (धारेत हवा मिसळून पाणी वाचवणारी जाळी) आणि संडासाला 3 आणि 6 लिटरचा दुहेरी फ्लश ही किरकोळ कामं. बसवली आणि विसरून गेलो.

सोलरचं प्रकरण मोठं. छपरावरच्या सोलरसाठीच्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे, त्यामुळे तेवढंच घेतलं. पॅनेल कौलांवर नकोत हे आधीच ठरवलं होतं: वासे जुने, दरवर्षी शाकारणीला माणूस वर चढणार, शिवाय माकडं. स्वयंपाकघराला मागे जोडलेल्या स्लॅबवर बसवली. तिथं दुपारनंतर माडाची सावली येत होती. एका पॅनेलवर सावली पडली तरी त्या ओळीतल्या सगळ्यांचं उत्पादन घसरू शकतं. आई माड तोडू देईना (तिचं बरोबरच होतं), म्हणून सांगाडा पूर्वेकडे सरकवून घेतला. उन्हाळ्यात रोज 12 युनिटच्या आसपास मिळतात, आषाढात मात्र काही दिवस अगदीच नावाला. आणखी एक गोष्ट विकणारे ठळकपणे सांगत नाहीत: बॅटरीशिवायचं ऑनग्रिड, म्हणजे वीज खात्याच्या तारांना जोडलेलं, सोलर वीज गेली की स्वतःही बंद पडतं. तारांवर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवासाठी ते तसंच असायला हवं. पण पहिल्या वादळी पावसात अर्धा दिवस वीज नसते तेव्हा छपरावरच्या पॅनेलांचा आपल्याला काडीचा उपयोग नाही. जुना इन्व्हर्टर म्हणूनच काढलेला नाही.

आता विहीर. आमचं छप्पर साधारण 150 चौरस मीटर. गोव्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे कौलांवरून साडेचार लाख लिटर वाहून जातं. वळचणीला पन्हळ लावून, खडी, कोळसा आणि वाळूच्या गाळणीतून ते विहिरीत सोडा, मे महिन्यात पाणी कमी पडणार नाही, असं काम करणाऱ्याचं म्हणणं. पण ऑगस्टमध्ये विहीर तशीही काठोकाठ असते. त्यात ओतलेलं पाणी थांबत नाही, कारण जांभा सच्छिद्र, पाणी उताराकडे झिरपत निघून जातं. मे अखेरीला पातळी थोडी बरी दिसली, पण भाटात (माडांच्या बागेत) माडांभोवती पाणी जिरवायला खणलेले चरही त्याच वर्षीचे, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं ते कळत नाही. माझ्या मते चर स्वस्त आणि जास्त खात्रीचे. पन्हळीचा खरा फायदा वेगळाच निघाला: पावसाळ्याचे चार महिने धुणं, अंगण आणि संडास यासाठी छपराचंच पाणी पिंपात भरतो आणि पंप फार थोडा वेळ लावावा लागतो. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी मात्र सोडून द्यायचं. कौलांवरचं शेवाळ आणि पक्ष्यांची घाण त्यातच येते.

आंघोळीच्या पाण्याला नवीन काहीच घेतलं नाही. न्हाणीतलं पाणी तापवायचं तांब्याचं भाण आणि जळणाला परसातल्या करवंट्या, चुडतं (माडाच्या सुक्या झावळ्या). 2 किलोवॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट जातं, इथं काडेपेटीची काडी. धुराचा त्रास आहे, म्हणून न्हाणीचं धुराडं मात्र दुरुस्त करून घेतलं.

झोपायच्या खोलीला फॉल्स सीलिंग करून एसी लावा, हा सल्ला आम्हाला तिघांनी दिला. कौलांखाली बंद पोकळी केली की वाळवी आणि उंदरांना घर मिळतं, आणि ओल कुठं धरली ते दिसत नाही. त्याऐवजी बुजवलेले झरोके उघडले आणि एका भिंतीचा सिमेंटचा गिलावा खरवडून चुन्याचा केला. सिमेंटमुळे चिऱ्यातली ओल आतच अडकत होती. मे महिन्यात दुपारी उकडतं ते उकडतंच, रात्री मात्र पंख्यावर भागतं.

यंदा शाकारणीला माणूस मिळाला की स्वयंपाकघरावर चार काचेची कौलं बसवायची आहेत. माकडांनी ठेवली तर दिवसा तिथला दिवा लावायला नको.