सयाजीराव की शाहू? प्रकल्पासाठी कोण निवडावं

भाची विचारत होती, ‘मामा, इंग्रजांच्या दबावाखालचा एक राजा घ्यायचाय. बडोद्याचे सयाजीराव घेऊ की कोल्हापूरचे शाहू?’ ‘पुरोगामी राजा’ हे बिरुद दोघांनाही लागतं, त्यामुळे ते बाजूलाच ठेवू.

आधी दबाव. दोघेही दत्तक, आणि दोघांच्या आधीच्या राजाची अखेर वाईट. बडोद्यात मल्हारराव १८७५ साली पदच्युत झाले. कोल्हापूरचे चौथे शिवाजी १८८३ साली अहमदनगरला नजरकैदेत वारले. एवढं पाहूनही सयाजीराव १९११ च्या दिल्ली दरबारात इंग्रज बादशहाला एकदाच लवून पाठ फिरवून निघाले, असा आरोप झाला. गदारोळ उठला, खुलासा द्यावा लागला. शाहूंनी सरकारशी सहसा जुळवून घेतलं, कारण वेदोक्त प्रकरणात, म्हणजे राजघराण्याचे विधी वेदमंत्रांनी करायला पुरोहितांनी नकार दिला त्या वादात, त्यांची खरी झुंज घरच्या भटशाहीशी होती. याला कुणी लाचारी म्हणतं. मला तो हिशेब वाटतो.

शिक्षणात बडोदा पुढे. सक्तीचं प्राथमिक शिक्षण १८९३ साली अमरेलीत सुरू झालं, १९०६ साली संस्थानभर. कोल्हापुरात ते १९१७ नंतर.

जातीच्या प्रश्नावर मात्र शाहू. १९०२ साली नोकऱ्यांत मागासांना ५० टक्के जागा! आंबेडकरांना मदत दोघांनीही केली.

राजनिष्ठा आणि स्वाभिमानाची ओढाताण दाखवायची असेल तर सयाजीराव घे. समाजाशी भांडणारा राजा हवा असेल तर शाहू. वेळ कमी असेल तरी शाहूच: कारकीर्द १८९४ ते १९२२, आटोपशीर. सयाजीरावांची १९३९ पर्यंत चालते.