मोडेम जुना, ड्रायव्हर नवा: पावसाळाभर वापरून

मे महिन्यात विंडोज एक्सपी पुन्हा टाकली आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या यंत्रांच्या यादीत, माझा मोडेम (फोनच्या तारेवरून नेट लावणारं कार्ड) 'पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर' या नावाने पिवळं प्रश्नचिन्ह घेऊन बसला. मोडेमची सीडी घरात कुठेच नाही. दुकानदार म्हणाला, "काका, जुनं झालं, नवीनच घ्या." धडधाकट कार्ड काढून नवीन कशाला घ्यायचं?

गोम अशी की हे सॉफ्टमोडेम. सिग्नलची आकडेमोड कार्ड करत नाही, आपला प्रोसेसर करतो. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, हाच अर्धा मोडेम. विंडोजमधला तयार 'स्टँडर्ड ५६०००' ड्रायव्हर निवडून भागत नाही. त्यात ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेटला ड्रायव्हर. डिटेल्स टॅबमधले व्हेंडर आणि डिव्हाइसचे कोड चिठ्ठीवर लिहून सायबर कॅफे गाठला. फाइल फ्लॉपीत मावेना, मग भाच्याचा पेनड्राइव्ह.

टाकल्यावर आधी 'एरर ६८०', डायल टोनच नाही म्हणे. टोन कानाला स्वच्छ ऐकू येतोय! मोडेमच्या प्रॉपर्टीजमधल्या 'एक्स्ट्रा इनिशियलायझेशन कमांड्स' या रकान्यात एक्स३ लिहिलं, की टोनची वाट न बघता नंबर फिरवतो.

सुरुवातीला खूश होतो. कार्ड मुळात व्ही.९० या मोडेम-मानकाचं, नव्या ड्रायव्हरने ते त्यापुढच्या व्ही.९२ चं झालं, तेही फुकटात. अपलोड ३३.६ ऐवजी ४८ केबीपीएसपर्यंत, जोडणी लवकर, मध्येच फोन आला तर नेट होल्डवर. पण समोरच्या, नेट देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरलाही व्ही.९२ यावं लागतं. आमच्याकडे ते येत नाही, म्हणजे पदरात शून्य. उलट जूनमध्ये लाइन सारखी तुटायला लागली, आणि तुटली की नवा कॉल, नवा पल्स (फोनबिल मोजायचं एकक). शेवटी त्याच रकान्यात +एमएस=व्ही९० लिहून त्याला मूळ पायरीवर आणलं. तेव्हापासून तुटणं जवळजवळ थांबलंय. त्यामुळे ड्रायव्हरबद्दलचं माझं मत परत सुधारलं.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. टास्कबारवरच्या जोडणीच्या, दोन कॉम्प्युटरांच्या चित्रावर माउस नेला की 'स्पीड ११५.२ केबीपीएस'! टेलिफोनच्या तारेत असला डायल-अप मोडेम ५६ च्या वर कधी जाणार नाही. ११५.२ हा कॉम्प्युटर आणि मोडेम यांच्यातला वेग; बाहेरच्या लाइनचा त्याच्याशी काही संबंध नाही. जुना ड्रायव्हर इमानदारीत ४९.३ किंवा ४५.३ सांगायचा. ४५ च्या खाली दिसलं की मी लगेच तोडून परत लावायचो, कारण रडतखडत चाललेल्या जोडणीलाही पल्स तेवढेच पडतात. नवा ड्रायव्हर म्हणजे वजनकाट्याला अंगठा लावणारा भाजीवाला. दुकानदाराला सांगितलं तर म्हणतो, "बघा, स्पीड डबल झाला ना?" यांना काय बोलायचं?

उपाय आहे: त्याच रकान्यात डब्ल्यू२. खरा आकडा दिसायला लागतो. पण मुळातच खोटं का दाखवायचं? वर ड्रायव्हर काढून परत टाकला की रकाना कोरा. म्हणून पूर्ण ओळ इथे देतो: एक्स३डब्ल्यू२+एमएस=व्ही९०, याच क्रमाने.

बाकी आवाज, फॅक्स वगैरे ठीक. पेंटियम थ्रीवर गाणी आणि नेट एकदम चालवू नका, गाणं अडखळतं.

कोकणातल्या मंडळींसाठी: गडगडायला लागलं की भिंतीतून फोनची वायर काढाच. वीज त्याच वाटेने येते आणि जळलेल्या कार्डाला कुठलाच ड्रायव्हर चालत नाही. फाइल मी सीडीवर उतरवून कॅबिनेटला बाहेरून सेलोटेपने चिकटवून ठेवली आहे. ब्रॉडबँडसाठी अर्ज दिलाय. लाइनमन गणपतीनंतर म्हणतो, कुठल्या वर्षीच्या ते विचारलं नाही.