कर्नलसाहेबांचं चरित्र, बायकोच्या हातचं

ल्यूसी हचिन्सन या बाईंनी आपल्या नवऱ्याचं, कर्नल जॉन हचिन्सनचं, लिहिलेलं इंग्रजी चरित्र ऑनलाइन मागवलं. पार्सल कोरेगावला वेळेत आलं, एवढंच विक्रेत्याचं कौतुक. जुन्या प्रतीचं स्कॅन मारून छापलंय. अक्षर बारीक, काही पानांच्या कडेचे शब्द कापलेले, आणि गम असा की मधलं पान उघडलं की पुस्तकाचे दोन तुकडे. साताऱ्यात मोती चौकाजवळ बाइंडिंग करून घेतलं तेव्हा कुठं धड हातात धरता आलं.

मजकुरानं मात्र पैसे वसूल. 1642 साली इंग्लंडात राजा आणि पार्लमेंटची जुंपली. राजानं निशाण उभारलं तेच मुळी नॉटिंगहॅमला. हचिन्सन त्याच भागातला, ओथॉर्पचा जमीनदार, प्युरिटन म्हणजे कडक, साध्या आचाराच्या ख्रिस्ती पंथाचा, पार्लमेंटच्या बाजूचा. पुढं नॉटिंगहॅमचा किल्लेदार झाला. किल्ला सोड, दहा हजार पौंड घे, असा निरोप आला तो यानं धुडकावला. त्याला खरा ताप झाला तो स्वतःच्याच कमिटीतल्या लोकांचा. ती भांडणं बाईंनी पानंच्या पानं लिहिलीत. आमच्या घरात सरपंचपद होऊन गेलंय, त्यामुळं कोण कुणाच्या कानाला लागलं हे मी चवीनं वाचलं. तुम्हाला कंटाळा आला तर खुशाल पानं उलटा.

नवरा बाईंच्या लेखी अगदी धुतल्या तांदळासारखा. एवढा निर्मळ पुढारी मी तरी पाहिला नाही. पण नजर तिखट आहे बाईंची. प्युरिटन मंडळी केस बारीक कापायची. याचे दाट, नीट राखलेले केस बघून त्याच्याच लोकांना याच्या धर्मनिष्ठेची शंका! स्वतःबद्दल बाई परक्यासारखं लिहितात. किल्ल्यात जखमी कैद्यांची मलमपट्टी केली, शत्रूची कसली सेवा करता म्हणून एक कॅप्टन ओरडला, तर म्हणाल्या, माणूस म्हणून केली.

1649 मध्ये राजाच्या मृत्युदंडावर 59 सह्या झाल्या, त्यात कर्नलची होती. 1660 ला राजाचा मुलगा गादीवर आला, तेव्हा बाईंनी नवऱ्याच्या नावानं माफीचं पत्र लिहिलं आणि सहीही स्वतःच ठोकली. जीव वाचला, पण नवऱ्याला ते कधी पचलं नाही. हे सगळं बाई कागदावर कबूल करतात, म्हणून मला तो तांदूळसुद्धा चालतो.

1663 ला त्याला कटाच्या संशयावरून धरलं आणि लंडनच्या टॉवरमध्ये, म्हणजे तिथल्या किल्ल्यातल्या तुरुंगात, टाकलं. बाईंचा जन्म त्याच टॉवरमधला, वडील तिथले अधिकारी. तिथून सँडाउनच्या ओलसर गढीत हलवलं. बाई डील गावात खोली घेऊन रोज चालत भेटायला जायच्या. 1664 मध्ये तो खटला न चालताच गेला, तेव्हा नेमक्या बाई मुलांना आणायला गावी गेल्या होत्या.

लिहिलं मुलांसाठी, छापलं गेलं थेट 1806 साली. घेणार असाल तर नव्यानं अक्षरजुळणी केलेली, तळटिपा असलेली आवृत्तीच बघा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. बाईंना पाच तारे, या छपाईला एक, तोही पार्सल वेळेत आलं म्हणून.